पाच किलोच्या आत

वाचकांच्या भुताखेतांच्या अनुभवांचं हे सदर मी नियमित वाचतो, पण खरं सांगायचं तर चुका काढायला. गाडी आपोआप बंद पडली म्हणणाऱ्याने टाकीत पेट्रोल किती होतं ते लिहिलेलं नसतं. झाडाखाली बाई दिसली म्हणणाऱ्याने आपल्या चष्म्याचा नंबर लिहिलेला नसतो. यावर मी आमच्या ग्रुपवर आजवर बरीच टिंगल केलीय. चकवा, देवचार, राखणदार हे सगळं लहानपणापासून ऐकलं आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. अजूनही माझं मत फारसं बदललेलं नाही. फक्त माझ्याकडे एक फाईल आहे, आणि त्या फाईलमधल्या सहा मिनिटांचं काय करायचं ते मला समजत नाही. म्हणून या वेळी मीच लिहितोय. चुका काढायच्या असतील तर खुशाल काढा... मला बरंच वाटेल.

आधी माझं काम सांगतो. मी ड्रोन उडवतो. लग्नाच्या शूटिंगचा नव्हे, औषधं नेणारा. सहा पंख्यांचं यंत्र, पोटाखाली दोन किलोपर्यंतचा डबा. एका कंपनीची चाचणी चालू आहे आणि मी तिथे पगारी माणूस आहे. घरचे कुडाळकडचे, भात आणि काजूवाले. समुद्राशी आमचा संबंध बाजारातल्या बांगड्यापुरता. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे आहे ते किनाऱ्यावरच्या माणसाला जितकं लवकर कळलं असतं तितकं मला कळलं नाही.

आता जागा. आचऱ्यावरून उत्तरेला मिठबावच्या दिशेने जाताना एक छोटी खाडी लागते. खाडीपलीकडे वाळूच्या पट्टीवर रापणकरांची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांची, वस्ती आहे. तिला इथे खारवाडी म्हणतो. खरं नाव वेगळं आहे, बाकी तपशील आहेत तसे आहेत. खाडीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद, त्यामुळे आमच्या तळापासून खारवाडीला जायला रस्त्याने एक्केचाळीस किलोमीटरचा वळसा, म्हणजे पावणेदोन तास. हवेतून नऊ किलोमीटर, बारा मिनिटं. आमची चाचणी तिथे का लागली ते यावरून कळेल. वस्तीत एक लहान आरोग्य केंद्र आहे, एक तरुण डॉक्टर आणि परब सिस्टर नावाच्या नर्स. केंद्राच्या चारही बाजूंना माड. ड्रोन खाली उतरवायला जागाच नाही. म्हणून तो वर तीस मीटरवर थांबतो आणि डबा दोरीने खाली सोडतो.

ही दोरी महत्त्वाची आहे, म्हणून जरा नीट सांगतो. जाळं विणायच्या सुतापेक्षा थोडी जाड, पांढरी. टोकाला आकडा, आकड्याला डबा. डबा जमिनीला टेकला, वजन गेलं, की आकडा आपोआप सुटतो आणि दोरी वर गुंडाळली जाते. कुणी दोरी ओढली, किंवा ती फांदीत अडकली, आणि ताण पाच किलोच्या वर गेला, तर ड्रोन स्वतःला वाचवण्यासाठी दोरी कापून टाकतो. यात माणसाने काही करायचं नसतं, यंत्रच करतं. किती ताण आला त्याची नोंद सेकंदाला दहा वेळा होते.

ऑक्टोबरात खारवाडीत आमचं प्रात्यक्षिक झालं. केंद्राच्या अंगणात सगळा गाव जमला होता. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय तिथे काही सुरू होत नाही, त्यामुळे आधी नारळ. गाऱ्हाणं घालायला बाबी तांडेल पुढे आले. तांडेल म्हणजे रापणीचा म्होरक्या. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटक, हाताचे पंजे मात्र शरीराला न शोभण्याइतके मोठे.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली, "आज ह्या जा उडणारा यंत्र आमच्या गावात इला हा, तेच्या वाटेत काय आडा-इडा येत आसात तर ता तू दूर कर. वारो आसा, माडाचे शेंडे आसत, घारी आसत, सगळ्यांका तेची वळख करून दी. आणि तेच्या पोटातला औषध ज्याचा त्याका पोचव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणालो. न म्हणणं बरं दिसत नव्हतं.

मग मी माईकवरून सूचना दिल्या, ऑफिसच्या मराठीत. दोरीला कुणीही हात लावायचा नाही. दोरी ओढायची नाही. डबा टेकेपर्यंत दहा पावलं मागे थांबायचं. हे तीन वेळा सांगितलं. ड्रोन आला, वर थांबला, दोरी खाली येऊ लागली. थोडा वारा होता, डबा हेलकावे खात होता. आणि डबा डोक्याच्या उंचीवर आला तसे बाबी तांडेल शांतपणे पुढे गेले, दोन्ही हातांनी दोरी धरली आणि टाचा रोवून मागे मागे चालत ओढायला लागले. एकट्यानेच नव्हे... त्यांच्या मागे आणखी चौघे जण आपसूक ओळीत उभे राहिले. ज्या गावात रोज सकाळी अख्खा गाव दोन रांगांत उभा राहून समुद्रातलं जाळं ओढतो, तिथे दोरी सोडून तिला हात लावू नका म्हणून सांगणारा मी शहाणा!

ताण पाचच्या वर गेला, दोरी कटकन कापली गेली, डबा आपटला. आत पाण्याच्या बाटल्या होत्या, त्यातल्या दोन फुटल्या. कंपनीचे वरिष्ठ तिथेच उभे होते. माझं डोकं फिरलं.

"काका, तीनदा सांगितलं ना?" मी माईक हातात असतानाच बोललो. "ही तुमची रापण नाही. खरं औषध असतं तर एखादा माणूस मेला असता आज तुमच्यामुळे."

तांडेलांनी हातातल्या दोरीच्या तुकड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोरी हातात इली की ओढूची, येवढा ह्या हातांका म्हायत. हातांका काय सांगतलंस?"

बोलण्यात राग नव्हता. दोरीचा तो तुकडा त्यांनी गोल वेटोळं करून माझ्या हातात दिला आणि घरी गेले. थोड्या वेळाने त्यांची मुलगी सुनंदा माझ्यासाठी चहा घेऊन आली. चाळिशीची, आचऱ्याच्या बाजारात मासे विकते. "घे रे, उन्हात उभो आसस सकाळपासून," एवढंच म्हणाली. बापाला चारचौघांत बोललो त्याबद्दल एक शब्द नाही. त्यामुळे तो चहा मला जड गेला. पुढच्या खेपेला गेलो की म्हाताऱ्याशी नीट बोलू, असं मी ठरवलं. पण पुढची खेप म्हणजे ड्रोनच जाणार, मी तळावर. दिवाळी झाल्यावर पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी फोनवर सहज सांगितलं की बाबी तांडेल गेले. झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही. मी 'अरेरे' म्हणालो आणि आम्ही पुढच्या पार्सलबद्दल बोलायला लागलो.

आता तो दिवस. एप्रिल संपत आलेला. दुपारचे तीन वाजून अठरा मिनिटं, ही वेळ फोनमध्ये आहे. डॉक्टरांचा फोन.

"फुरसं चावलंय," ते म्हणाले. "दोन वाजता, सरपण काढताना, हाताला. वीस मिनिटं नळीत रक्त धरून ठेवलं, अजून पाण्यासारखंच आहे. गोठतच नाहीये. हिरड्यांतून यायला लागलंय. सीरम काल एका पेशंटला संपलं. दहा बाटल्या लागतील, आत्ता."

"अॅम्ब्युलन्स?"

"दुसरा पेशंट घेऊन गेलीय. यायला वेळ लागेल आणि मग पुढे वळसा. तुम्ही पाठवा."

"पेशंट कोण?"

"सुनंदा. तांडेलांची."

फुरसं दिसायला वीतभर असतं, पण त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. मग आतून कुठेही रक्तस्राव सुरू होतो — पोटात, मेंदूत. त्यावर एकच औषध आहे आणि ते वेळेत जावं लागतं. हे मला पाठ आहे, या कामातल्या प्रत्येकाला पाठ असतं. पण आतापर्यंत डब्यावर पेशंटचं नाव नसायचं. त्या दिवशी नाव होतं, आणि नावाला चेहरा होता.

आमच्या इथले फार्मासिस्ट गावडे यांनी दहा बाटल्या मोजून डब्यात भरल्या. शिवाय एक गाडीही सीरम घेऊन रस्त्याने निघाली, तो नियमच आहे. ड्रोन तीन सव्वीसला उडाला. तळावर वारा मर्यादेच्या बराच आत होता.

इथे माझी चूक सुरू होते. वस्तीवरून उडवायचं नाही असा नियम असल्यामुळे आमचा मार्ग सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेने खाडीवर येतो आणि मग खाडीच्या मुखाशी वळून समुद्राच्या बाजूने खारवाडीत शिरतो. सड्याच्या आडोशाला वारा कळतच नाही. खाडीवर आलं की कळतो. त्या दुपारी वायव्येकडून जो वारा सुटला होता तो अंदाजात नव्हता. तीन सदतीसला स्क्रीनवर सूचना आली: बॅटरी एक्केचाळीस टक्के, समोरून जोराचा वारा, परत फिरतोय. यंत्र बरोबर होतं. परत फिरलं असतं तर वारा पाठीशी घेऊन सुखरूप आलं असतं. गाडी रस्त्यात होतीच, ती पाच वाजता पोचली असती. दोन किलोमीटर उरले होते. मी 'रद्द' दाबलं आणि ड्रोनला पुढे हाणलं.

तीन एक्केचाळीसला तो खाडीच्या मुखावर, खारवाडीच्या किनाऱ्यापासून तीनशे मीटरवर उभा राहिला; किनारा तिथून वायव्येला, म्हणजे बरोबर वाऱ्याच्या तोंडाला. उभा राहिला म्हणजे पंखे पूर्ण जोरात, आणि वेग शून्य. मग उणे. वारा त्याला मागे ढकलत होता. बॅटरी तेवीस. पंधरा टक्क्यांवर आली की तो आपोआप खाली उतरतो, खाली काहीही असो. आणि खाली पाणी होतं. परतीची वेळ केव्हाच निघून गेली होती.

मला भीती वाटली. असल्या वेळी यंत्राची किंमत आठवते असं लोक समजतात, मला तिचा चहा आठवला. 'तुमच्यामुळे माणूस मेला असता' हे वाक्य मी कुणाला बोललो होतो तेही आठवलं. आता माझ्यामुळे त्याचीच मुलगी मरेल असं स्पष्ट दिसत होतं.

एकच गोष्ट करण्यासारखी उरली होती. डबा थर्माकोलचा आहे, तरंगतो. तो पाण्यावर सोडला तर कदाचित कुणी होडी घालून उचलेल. मी दोरी सोडली. पंचवीस मीटर दोरी गेली, डबा पाण्याला टेकला. पण आकडा सुटेना. लाटेबरोबर डबा वर-खाली होत होता, आणि प्रत्येक लाटेला आकड्यावर परत वजन येत होतं. गावडे माझ्या मागे उभे राहून बघत होते. मी दोरी कापायच्या बटणावर बोट ठेवलं.

तेवढ्यात ताणाचा आकडा वर गेला. दोन किलो. तीन. चार आठशे. मग खाली, एकवर. मग परत वर, चार सातशे. परत खाली.

"कोण ओढता रे तेका?" गावडे म्हणाले. ते तोंडवळीचे, समुद्रावरचे.

ड्रोन हलायला लागला होता. किनाऱ्याकडे. वाऱ्याच्या बरोबर उलट दिशेने. वेग किती, तर माणूस कमरेएवढ्या पाण्यातून मागे मागे चालेल तितका. खालचा कॅमेरा चालू होता, पण काचेवर खारं पाणी उडालेलं, त्यात उन्हाची तिरीप. पांढऱ्या फेसाशिवाय काही दिसत नव्हतं. मी डॉक्टरांना फोन लावला आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"तिकडे कुणीतरी दोरी धरलीय! त्यांना सांगा, ओढू नका म्हणावं, दोरी कापली जाईल..."

"कोण धरणार?" डॉक्टर म्हणाले. "सगळे इथे अंगणात आहेत."

गावड्यांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ओढूंदे रे," ते हळूच म्हणाले. "ओढूंदे. तू बोट काढ थंयसून."

मी बोट काढलं. पुढची पाच मिनिटं आम्ही दोघं आकड्यांकडे बघत उभे होतो. ताण दर वेळी वर जायचा आणि मी श्वास धरायचो, कारण पाच झालं की संपलं. चार सहाशे. चार नऊशे. चार आठशे. पाच एकदाही झालं नाही. एवढ्या वाऱ्यात एरवी मिनिटाला चार-पाच टक्के बॅटरी जाते. त्या पाच मिनिटांत दोन टक्के गेली. तीन सत्तेचाळीसला ताण एकदम शून्य झाला. उंचीमापकाचा आकडा लाटांबरोबर हलायचा थांबला, म्हणजे खाली आता पाणी नव्हतं. दोरी गुंडाळत न बसता मी ड्रोन सरळ खाली घेतला.

परब सिस्टर तोवर धावत किनाऱ्यावर निघाल्या होत्या. नियमाप्रमाणे मी त्यांना फोनवर सांगितलं, आधी एक फोटो काढा, मग डबा उचला. त्यांनी फोटो काढला आणि डबा घेऊन पळाल्या. तीन अठ्ठावन्नला सुनंदाला सीरम सुरू झालं. रस्त्याने गेलेली गाडी पाच वाजून सहा मिनिटांनी पोचली. म्हणजे एक तास आठ मिनिटांचा फरक. त्या तासाने काय झालं असतं, असं मी डॉक्टरांना नंतर विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, वाचलीही असती. पण चारच्या सुमाराला तिच्या नाकातूनही रक्त यायला लागलं होतं, एवढं सांगतो. रात्री नळीतलं रक्त गोठलं. आठ दिवसांनी ती घरी गेली.

आता चुका काढणाऱ्यांसाठी.

तिथे कोणी माणूस असेल, हे सगळ्यात सोपं उत्तर. मीही तेच धरून चाललो. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, ओहोटीला तिथे कमरेएवढं पाणी असतं, आणि त्या वेळी ओहोटी होती. म्हणजे माणूस उभा राहू शकतो. पण त्या दिवशी वाऱ्यामुळे रापण लागलेली नव्हती, होड्या वर ओढून ठेवलेल्या, आणि सुनंदाला चावल्यामुळे झाडून सगळे केंद्राच्या अंगणात. मी नंतर स्वतः जाऊन घरोघर विचारलं. असं काही केलेला माणूस गप्प बसेल असं ते गाव नाही. सिस्टर पोचल्या तेव्हा किनारा रिकामा होता. वाळूत पावलं होती का? त्यांनी बघितलं नाही, आणि एवढ्या वाऱ्यात ती टिकलीही नसती. त्यामुळे त्याबद्दल मी काहीच म्हणत नाही.

सेन्सर बिघडला असेल, हे कंपनीचं म्हणणं. तपासला. ठीक निघाला, आणि आजही तोच वापरात आहे. शिवाय बिघडलेला सेन्सर आकडे चुकवेल, ड्रोनला तीनशे मीटर वाऱ्याविरुद्ध नेणार नाही. वारा मधेच फिरला असेल? त्या पाच मिनिटांची वाऱ्याची नोंद आहे, वायव्येचीच. डबा प्रवाहात सापडून ओढला गेला असेल? ओहोटीचा प्रवाह समुद्राकडे जातो, किनाऱ्याकडे नाही. अहवालात मी 'कारण निश्चित करता आले नाही' असं लिहिलं आणि सही केली.

आणि सिस्टरनी काढलेला तो फोटो. डबा कोरड्या वाळूवर, भरतीच्या रेषेच्या बराच वर, झाकण आभाळाकडे. शेजारी ड्रोन. आणि मधे दोरी, पंचवीसच्या पंचवीस मीटर, एकावर एक गोल वेटोळं करून ठेवलेली. वाऱ्याने दोरीचा गुंता होतो. वेटोळं मी तरी कधी होताना पाहिलेलं नाही. तो फोटो मी गावड्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला, फोन परत दिला आणि जेवायला गेले.

मे महिन्यात रापण बंद व्हायच्या आधी मी एका सकाळी खारवाडीला गेलो आणि ओढणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो. जाळं घेऊन होडी अर्धवर्तुळ मारून आली. दोन टोकांना दोन जाड दोर, दोन रांगा. टाच रोवायची, अंग मागे टाकायचं, ओढायचं. मग थोडी ढील द्यायची, एक पाऊल मागे, परत टाच. पंधरा मिनिटांत माझे तळहात सोलले. बाजूला उभं राहून मोबाईलवर वेळ लावली. एका ओढीपासून दुसऱ्या ओढीपर्यंत साधारण साडेचार सेकंद. घरी येऊन फाईल उघडली. त्या दिवशीच्या पाच मिनिटांत ताण एकूण अडुसष्ट वेळा वर गेलाय. भागाकार तुम्हीच करा.

हे मी कुणाला बोललो नव्हतो. ताण पाचच्या आत राहिला हे मला आणि गावड्यांनाच माहीत. कंपनीत माहीत असेल, पण कंपनीतून खारवाडीत कोण जाणार? त्या सकाळी रापण संपल्यावर सुनंदाने मला घरी नेलं. हात बरा झाला होता, दोन बोटं अजून नीट वळत नव्हती. पेजेबरोबर सुका बांगडा वाढला. जेवताना मी एकदाचं बोललो, जे ऑक्टोबरातच बोलायला हवं होतं. तुझ्या बाबांना मी त्या दिवशी चारचौघांत नको ते बोललो, मला वाईट वाटतं, आणि त्यांना सांगायचं राहून गेलं.

"तेंका काय्येक वाटूक नाय," सुनंदा म्हणाली. "त्या दिवशी घराक येवन जेवाक बसले, आणि माका म्हणूक लागले... 'पोरगो सांगता ता बराबर आसा गो. ती दोरी नाजूक आसा, आमच्या दोरासारखी न्हय. माका आदी म्हायत नव्हता. परत कधी हातात गावली तर हळू ओढीन. तुटाक देवचंय नाय.'"

तिने माझ्या ताटात आणखी पेज वाढली. मला ती संपवायला बराच वेळ लागला.